बफेलोचा बर्फ आणि एक जुने यंत्र

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ढगांना टेकलेल्या इमारती आणि दिव्यांचा झगमगाट उभा राहतो. ‘आमचा भाचा न्यूयॉर्कला असतो,’ असे आम्हीही आमच्या आळीत बरीच वर्षे ऐटीत सांगत आलो. आता खरे सांगायचे तर तो असतो बफेलोला. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यात आहे एवढेच; न्यूयॉर्क शहर तिथून मोटारीने सहाशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून गोवा जितका लांब तितके! नायगाराचा धबधबा मात्र अर्ध्या तासावर. त्यामुळे इकडे येणारा मराठी माणूस धबधब्यापुढे फोटो काढतो, अंगावर तुषार घेतो आणि आल्या वाटेने परततो. आम्ही उभयता २०२४ च्या ऑक्टोबरात गेलो ते नाताळ उलटेपर्यंत राहिलो. तेव्हा धबधबा एक दिवस पाहिला आणि बर्फ पुष्कळ दिवस पाहिला. त्याहून अधिक पाहिले ते बर्फ उडवण्याचे एक जुनेपुराणे यंत्र.

बफेलोचा बर्फ समजून घ्यायचा तर आपले महाबळेश्वर आठवावे. अरबी समुद्रावरून आलेला वारा पाणी पिऊन येतो, सह्याद्रीवर चढताना ते सारे महाबळेश्वरी ओततो, आणि घाट उतरून वाईला यावे तर तिथे छत्री मिटवून चालता येते. बफेलोला समुद्राच्या जागी ईरी सरोवर आहे. ३८८ किलोमीटर लांबीचे हे सरोवर, आणि शहर बसले आहे त्याच्या नेमके पूर्व टोकाला. नोव्हेंबरात कॅनडाकडची हवा गोठणबिंदूच्या खाली गेलेली असते, पण पाण्याने उन्हाळ्याची ऊब अजून धरून ठेवलेली असते. कोरडा गार वारा सरोवराची लांबी धरून वाहू लागला की वाटेत वाफ पीत येतो, आणि काठावर आला की सारे ओझे बर्फाच्या रूपाने खाली टाकतो. तेही एका अरुंद पट्ट्यात. २०१४ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या काही उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ साचला, आणि त्याच वेळी शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही इंच! पुढे सरोवर गोठले की वाफ मिळत नाही आणि हा मारा ओसरतो. म्हणून खरी कसोटी नोव्हेंबर-डिसेंबरची.

आमच्या भाच्याचे घर या दक्षिणेकडच्या पट्ट्यातच आहे. घर टुमदार, पण रस्त्यापासून मोटारीच्या खोलीपर्यंत पन्नासएक फुटांची फरसबंद वाट. तिला ड्राइव्ह-वे म्हणतात. ही वाट मोकळी करणे ही घरमालकाची जबाबदारी. रस्ता साफ करायला नगरपालिकेचा नांगर लावलेला ट्रक येतो खरा. पण तो रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटत जातो आणि प्रत्येक घराच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून जातो. मिठाने ओलावलेला, दाबून घट्ट झालेला तो बांध फावड्याने फोडायचा म्हणजे विहीर खणण्यातलाच प्रकार. दर हिवाळ्यात बर्फ उपसता उपसता छातीत कळ येऊन माणसे जातात. तेव्हा तिथे घराघरांतून स्नोब्लोअर असतो, तो श्रीमंती म्हणून नव्हे.

या यंत्राचा मूळ पुरुष कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला आर्थर सिकार. त्याने १९२५ मध्ये ट्रकवर बसवलेले पहिले यंत्र चालवून दाखवले. घरगुती, मागून ढकलत न्यायची यंत्रे १९५० नंतर आली. रचना आपल्या गृहिणींना चटकन कळेल. पुढे एक मोठा डबा. त्यात आडवा फिरणारा मळसूत्री रूळ. पुरणयंत्राच्या किंवा खिमायंत्राच्या पोटात असतो तसाच, पण दातेरी. तो बर्फ कुरतडून मधोमध आणतो. मागे वेगाने फिरणारा पंखा तो उचलतो आणि उंच धुराड्यातून पंचवीस-तीस फुटांवर भिरकावून देतो. रुळाला गती देणाऱ्या दांड्यावर दोन्ही बाजूंना मऊ लोखंडाची एकेक पिन असते. रुळात दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्र अडकले तर ही पिन तुटते आणि महागडी गिअरबॉक्स वाचते. आठ आण्याच्या वस्तूने स्वतः तुटून हजाराची वस्तू वाचवावी, ही कल्पना मला तर फारच आवडली.

भाच्याचे यंत्र १९८६ सालचे, आणि ते मूळचे त्याचे नव्हे. ते शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचे. आम्ही त्यांना आपापसात ‘आजोबा’ म्हणत असू. तरुणपणी ते लॅकवॉना येथील पोलादाच्या कारखान्यात होते. १९८३ मध्ये तिथल्या भट्ट्या विझल्या आणि हजारो घरांची चूल गारठली. आजोबांना पुढे एका शाळेत बॉयलर सांभाळायची नोकरी मिळाली, आणि दोन हिवाळ्यांच्या शिलकीतून त्यांनी हे यंत्र घेतले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी यंत्राला हात लावायची बंदी केली. तेव्हा त्यांनी ते भाच्याच्या दारात आणून उभे केले आणि सांगितले, ‘दोन्ही घरांचा बर्फ तू काढ, यंत्राचं दुखणंखुपणं मी बघतो.’ हा करार काही कागदावर झाला नव्हता, पण तो अक्षरशः पाळला जात होता.

नोव्हेंबरच्या मध्याला भाच्याने यंत्र चालू करून पाहिले. ते सुरू होई, दोन मिनिटे खोकल्यासारखा आवाज करी, आणि बंद पडे. आजोबांनी कार्ब्युरेटर खोलला. उन्हाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलाचा चिकट राप आतल्या बारीक भोकात बसला होता. तिकडच्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढते, त्याचा हा प्रताप. आजोबांनी एक बारीक तार भोकातून घातली तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातला प्रायमस आणि त्याची पिन आठवली. अगदी तोच हात, तीच मान तिरकी करून बघण्याची तऱ्हा! यंत्र चालू लागले. पण धूर निळा येत होता, आणि दोरी ओढताना हाताला जो रेटा लागायला हवा तो लागत नव्हता. ‘इंजिन आतून झिजलंय,’ आजोबा म्हणाले. ते इंजिन बनवणाऱ्या कंपनीने तो धंदाच २००८ मध्ये बंद केला होता.

झाले, घरात खल सुरू झाला. दुरुस्त करायचे की नवे घ्यायचे?

भाचा हिशेबी. त्याने कागद ओढला. त्याच मापाचे नवे यंत्र चौदाशे डॉलर. दुरुस्तीच्या दुकानात फोन केला तर तीन आठवड्यांची रांग. बर्फाचा इशारा आठवड्यावर आलेला. ‘मामा, अडतीस वर्षांच्या यंत्रात पैसे घालणं म्हणजे फाटक्या धोतराला जरीचा काठ लावणं,’ तो म्हणाला.

मी म्हटले, ‘अरे, तुझ्या आजोबांनी स्कूटर आडवी करकरून पंचवीस वर्षं चालवली.’

‘म्हणूनच आजी रिक्षाने जायची,’ तो म्हणाला. यावर आमची सौ. इतकी हसली की माझा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

भाचेसून मात्र गप्प होती. ती इस्पितळात परिचारिका आहे. २०२२ च्या नाताळात बफेलोत जे हिमवादळ झाले, त्यात एकट्या ईरी परगण्यात चाळीसहून अधिक माणसे दगावली. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंबसुद्धा रस्त्यात रुतून बसले. ती त्या वेळी तीन दिवस इस्पितळातच अडकली होती, कारण तिच्या जागी येणाऱ्या बायका घराबाहेर पडू शकत नव्हत्या. ‘जुनं असो की नवं,’ ती एवढेच म्हणाली, ‘पहाटे पाचला चालू व्हायला हवं.’

शनिवारी आम्ही नवी यंत्रे पाहायला शहरात गेलो. भाच्याला कौतुकाने गाव दाखवायची हौस, म्हणून वाट वाकडी केली. बफेलो एके काळी अमेरिकेची धान्याची पेठ होती. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला, आणि १८४२ मध्ये जोसेफ डार्ट याने इथेच वाफेवर धान्य चढवणारे कोठार उभारले. काँक्रीटची ती प्रचंड कोठारे नदीकाठी अजून उभी आहेत, बरीचशी रिकामी. १९५० मध्ये पाच लाख ऐंशी हजारांचे हे गाव २०२० मध्ये दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांवर आले. फ्रँक लॉइड राइटने बांधलेली लार्किन कंपनीची सुप्रसिद्ध कचेरी इथेच होती. ती १९५० मध्ये पाडली. आज त्या जागी कुंपणाचा विटांचा एक खांब तेवढा शिल्लक आहे. त्याच राइटने लार्किन कंपनीच्याच डार्विन मार्टिनसाठी बांधलेले घर मात्र गावाने राखले. इतकेच नव्हे, तर त्या आवारातल्या ज्या इमारती मध्यंतरी पाडल्या होत्या, त्या २००७ मध्ये जुन्या नकाशाबरहुकूम पुन्हा बांधून काढल्या. पाडायला काही दिवस लागले असतील. परत उभे करायला किती खटाटोप पडला असेल! मी त्या खांबापाशी थोडा वेळ उभा होतो. भाचा घड्याळ पाहत होता.

दुकानातली यंत्रे देखणी होती. विजेवर चालणारी, बॅटरीची, दिवे लावलेली, मुठी गरम होणारी. बॅटरीची यंत्रे हलक्या भुरभुरत्या बर्फाला उत्तम, पण दोन फुटी ओल्या बर्फापुढे किती टिकतील याची भाच्याला खात्री वाटेना. पेट्रोलच्या यंत्रांचे पत्रे त्याने बोटाने वाजवून पाहिले आणि काही न घेता आम्ही परतलो.

त्या संध्याकाळी आजोबांना बोलावले. त्यांनी यंत्राची केलेली तपासणी मी कधी विसरणार नाही. इंजिनाकडे त्यांनी पाहिलेही नाही. आधी रूळ हाताने मागेपुढे हलवून किती ढिला आहे ते पाहिले. मग गिअरबॉक्सचे थोडे तेल पांढऱ्या कागदावर काढून दिव्याखाली धरले. तेल काळे होते, पण त्यात धातूचा कीस चमकत नव्हता. डब्याचा पत्रा कुठे गंजून विरला आहे का, ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चाचपले. ‘इंजिन हा भाड्यानं राहणारा माणूस,’ ते म्हणाले, ‘गेला तर दुसरा ठेवता येतो. घर पडलं असतं, गिअर झिजले असते, तर मी स्वतः याला भंगारात नेलं असतं. घर शाबूत आहे.’

भाच्याचा चेहरा उजळला. पण आजोबा पुढे म्हणाले, ‘तरी तू नवं घे.’

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

‘मी पंच्याहत्तरीला आलो. जुन्या यंत्राला कुणीतरी हाताशी लागतं. मी नसेन तेव्हा पहाटे पाचला तू काय करशील?’

गराजात थोडा वेळ कोणी बोलले नाही. भाचा संगणकावर वाटेल ती गोष्ट करील, पण पाना हातात घेतला की त्याला उलटसुलट कळत नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक. मग भाचेसून पुढे झाली. ‘मला शिकवा,’ ती म्हणाली. ‘माणसांच्या नळ्या मी रोज जोडते. या काय वेगळ्या असणार?’

दोनशे डॉलरांचे नवे इंजिन तीन दिवसांत दारात आले. बसवायला दोन रात्री लागल्या. नव्याचा दांडा पाऊण इंची, जुनी पुली एक इंची. म्हणजे पुली नवी आणावी लागली आणि पट्टा सरळ रेषेत येण्यासाठी दोन वॉशर घालावे लागले. आजोबा खुर्चीवर बसून सांगत होते, भाचेसून हातमोजे काढून काम करत होती, भाचा बॅटरी धरून उभा होता, आणि आमची सौ. दर अर्ध्या तासाने चहा आणून ‘झालं का हो?’ विचारत होती. एका बाबतीत आजोबा फार कडक होते. धुराड्यात बर्फ अडकला तर इंजिन बंद करून काठीने काढायचा. हात घालायचा नाही. बंद यंत्राच्या ताणलेल्या पट्ट्यातही पंख्याला एक फेरा देण्याइतका जोर उरलेला असतो, आणि त्यांच्या कारखान्यातल्या एका सोबत्याने त्यात दोन बोटे गमावली होती. हे त्यांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

नोव्हेंबरअखेरीस सरोवर बोलू लागले. रात्रभर पडत राहिले. सकाळी अंगणातले टेबल दिसेना. पहाटे पाचला दोरी एकदाच ओढली गेली आणि यंत्र धडधडू लागले. मी खिडकीशी कांबळे पांघरून पाहत होतो. दिव्याच्या उजेडात बर्फाचा फवारा कमानीसारखा उडत होता. भाचेसुनेने आधी आपली वाट काढली, नांगराने घातलेला बांध तीन दमांत फोडला, मग आजोबांची वाट. आजोबा त्यांच्या खिडकीत उभे होते. ते यंत्राकडे पाहत नव्हते, कान देऊन ऐकत होते. सहाच्या ठोक्याला तिची मोटार इस्पितळाकडे निघाली.

आम्ही परत आल्यावर एप्रिलमध्ये भाच्याचा फोन आला. टाकीतले पेट्रोल पार संपेपर्यंत इंजिन चालवून यंत्र उन्हाळ्यासाठी झाकून ठेवले होते, तेल बदलल्याची तारीख भाचेसुनेने गराजाच्या भिंतीवर मराठीत लिहिली होती. आणि जुने इंजिन? ते आजोबांनी ‘उघडून तर पाहू’ म्हणून आपल्या घरी नेले आहे. त्याचे सगळे तुकडे त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडलेले असतात आणि रविवारी दुपारी ही तिथे जाऊन बसते, असे भाचा किंचित तक्रारीच्या सुरात सांगत होता.