खवल्यांची साक्ष

चेन्नईच्या उत्तर टोकाला काशिमेडूचे मच्छीमार बंदर आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तेथली मासळी ओळखीची वाटते. नावे तेवढी परकी. सुरमईला तेथे वंजिरम म्हणतात, पापलेटला वव्वाल, मुशीला सुरा. कोळंबीची इराल होते आणि चिंबोरीचा नंडु. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायल घरातली एखादी गृहिणी नवऱ्याच्या नोकरीपायी या शहरात येऊन राहिली, तर या पाचांपैकी दोनच नावे पाठ करून तिचे भागेल. ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच खावा, असा तिच्या धर्माचा दंडक आहे. वंजिरम आणि वव्वाल तिच्या घरी येतील. सुरा, इराल आणि नंडु बाजारातच राहतील. मोठ्या वंजिरमचे काप करून विकण्याची तेथे चाल आहे. कापलेल्या तुकडीची कातडी सोलून टाकली, तर मासा कोणता होता याचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून ती मासा आधी अखंड पाहील, आणि मगच कापायला सांगेल. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये चाललेला हा आग्रह कोळिणीला ताज्या मासळीबद्दलचा चोखंदळपणा वाटेल. त्यामागे काही हजार वर्षांचा ग्रंथ उभा आहे, हे तिला कळण्याचे कारण नाही.

वस्तुतः बेने इस्रायलांच्या बाबतीत ग्रंथ उभा होता असे म्हणणेही पुरते खरे नव्हे. या समाजाची मूळकथा सर्वश्रुत आहे. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि सामानाबरोबर पोथ्याही समुद्रात गेल्या. पुढे या मंडळींनी तेलाचा घाणा पत्करला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावे पडली आणि मराठी हीच मातृभाषा झाली. ग्रंथ गेला, हिब्रू गेली, प्रार्थनामंदिर नव्हतेच. उरली ती सुंता, शनिवारची विश्रांती, ‘शेमा’ ही एक प्रार्थना, काही सण-उपास आणि स्वयंपाकघरातली पथ्ये. धर्म जेव्हा स्मृतीच्या आधारावर टिकवावा लागतो, तेव्हा तो ज्या जागी रोज घडतो तेथेच टिकतो. आणि चूल रोज पेटते.

या समाजाच्या परंपरेत दाविद रहाबी नावाच्या ज्यू विद्वानाची एक गोष्ट सांगितली जाते. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपला बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक लेखनात ही गोष्ट आलेली आहे. रहाबी कोकणात आला. शनिवार पाळणारे हे तेली खरोखर इस्रायलाचे वंशज आहेत की काय, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्याने बायकांपुढे निरनिराळ्या जातींची मासळी एकत्र ठेवली आणि ती रांधण्यास सांगितले. त्यांनी खवल्यांची मासळी एकीकडे केली, बिनखवल्यांची दुसरीकडे सारली, आणि ही आम्ही खात नाही म्हणून सांगितले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने काही घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवून काजी नेमले.

रहाबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. परंपरा त्याला पुष्कळ शतके मागे नेते. बहुतेक इतिहासकारांना तो अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याचा पुरुष वाटतो. पण कथेचे मोल तिच्या सनावळीवर अवलंबून नाही. समाजाने आपल्या ओळखीची कथा रचताना साक्षीदार म्हणून कोणाला उभे केले, हे पाहिले पाहिजे. वंशावळ सांगणारा भाट येथे नाही, ताम्रपट नाही, कुणी वृद्ध जाणकार नाही. अशिक्षित बायका आणि टोपलीभर मासे, एवढ्यावर निवाडा झाला आहे.

मासळीचा प्रश्न डोळ्यांनी सुटतो. मटणाचा तसा सुटत नाही. जनावर धर्मसंमत असले तरी ते धारेला खाच नसलेल्या सुरीने, जाणत्या माणसाने विधिपूर्वक कापलेले असावे लागते. नंतर रक्त निघून जावे म्हणून मांस अर्धा तास पाण्यात आणि तासभर मिठात ठेवून धुवायचे. मुंबई-ठाण्याकडे समाजाची वस्ती असल्याने ही सोय होऊ शकते. चेन्नईत कोंबडी कापून देणारा हजान कोठून आणावा? अशा ठिकाणी राहणाऱ्याला मांसाहार म्हणजे मासळी एवढाच अर्थ उरतो, बाकीचे दिवस भाजी-आमटीचे. तमिळ शाकाहारी खाणावळींनी या शहरात सर्व प्रकारच्या पथ्यकरी माणसांची जी सोय केली आहे, तिचा लाभ त्यालाही आपोआप मिळतो. मुंबईहून पाहुण्याने बर्फात घालून विधिपूर्वक कापलेले मटण आणले, तर त्या दिवशी मात्र एक पेच पडेल. तमिळ जेवणाचा शेवट दहीभाताने होतो. आणि मांसाबरोबर दूध-दही चालत नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरामध्ये तीन वेळा आली आहे, आणि तिच्यावरूनच पुढे दूध आणि मांस यांची भांडीसुद्धा वेगळी झाली. शेजारणीने प्रेमाने पाठवलेली दह्याची वाटी त्या दिवशी झाकून ठेवावी लागेल.

कोकणात हा पेच फारसा पडला नसावा, आणि याचे श्रेय नारळाला दिले पाहिजे. आगरी, कोळी, प्रभू अशा सगळ्या शेजाऱ्यांच्या कालवणाला दाटपणा येतो तो नारळाच्या रसाने. तो दुधासारखा पांढरा असला तरी झाडाचा आहे. मांसात घातल्याने कोणतीही आज्ञा मोडत नाही. जेवणाच्या शेवटी ताकाऐवजी सोलकढी असते, तीही निर्दोष. तूप मांसाबरोबर वर्ज्य, तर तेल चालते. आणि ही मंडळी तर तेलीच! योगायोग म्हणावा, पण बेने इस्रायलांना आपला धर्म पाळण्यासाठी शेजाऱ्यांच्या पाककलेत फारसा बदल करावा लागला नाही. युरोपातल्या ज्यूंना मांसासाठी बदामाचे दूध वापरताना भीती वाटे, की पाहणाऱ्याचा गैरसमज होईल. सोळाव्या शतकातल्या त्यांच्या धर्मनियमांत यासाठी एक गमतीदार तोड आहे: अशा पदार्थाशेजारी थोडे बदाम ठेवावेत, म्हणजे दूध कशाचे ते कळेल. कोकणात शेजारी नारळ ठेवण्याची पाळी कोणावर आली असेल असे वाटत नाही. उलट शेजाऱ्यांचेही एक पथ्य या लोकांनी आपलेसे केले. गोमांस त्यांच्या धर्माला वर्ज्य नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते टाळले. हे पथ्य ग्रंथातले नव्हे, शेजाराचे.

चेन्नईला ज्यू माणूस नवा नाही. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी पोर्तुगीज वंशाचे ज्यू लंडनमार्गे मद्रासला आले. ते पोवळी आणून हिरे नेत. १६८८ मध्ये मद्रासची महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदांत ज्यू व्यापाऱ्यांनाही जागा होत्या. पोवळ्यांच्या व्यापाऱ्यांचे नाव लावणारी कोरल मर्चंट स्ट्रीट जॉर्ज टाउनमध्ये अजून आहे. या मंडळींच्या घरी काय शिजत होते, याची खूण मात्र शहराच्या जेवणात कोठे दिसत नाही. त्यांची आठवण सांगतात त्या हिब्रू अक्षरांच्या मूठभर समाधिशिला. येथे शहराने त्यांना अन्न दिले असेल, चव दिली नाही. किंवा त्यांनी ती घेतली नाही.

याच शहरात तंजावरी मराठ्यांची जुनी घराणी आहेत, आणि त्यांचा अनुभव नेमका उलट आहे. सरफोजीराजांच्या काळातले पाकशास्त्र सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहे. आमसुले संपली म्हणून राजाच्या मुदपाकखान्यात आमटीला चिंच घातली आणि त्यातून सांबार निघाले, ही आख्यायिका तर सर्वांच्या तोंडी आहे. तिला पुरावा नाही, पण स्थलांतरितांच्या स्वयंपाकाचे एक सत्य तीत आहे. चवीच्या बाबतीत आमसुलाची जागा चिंच घेऊ शकते; अडचणीतून नवा पदार्थ जन्मतो आणि पुढे तोच आपला वाटू लागतो. दंडकाचे तसे नाही. खवल्यांच्या जागी दुसरे काही चालत नाही. बेने इस्रायलांनी कोकणात या दोन्ही गोष्टी एकाच चुलीवर सांभाळल्या. दंडक दूरदेशीचा होता आणि चव गावची, म्हणून त्या दोहोंत भांडण असे कधी झालेच नाही.

१९४८ नंतर ही चूल हलली. त्या सुमारास भारतात सुमारे २०,००० बेने इस्रायल होते. पुढच्या काही दशकांत त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, आणि नेगेवच्या वाळवंटात १९५५ मध्ये वसलेले दिमोना, येथे त्यांना घरे मिळाली. पहिली काही वर्षे शिधावाटपाची होती. दंडक पाळण्याची चिंता मात्र मिटली. दुकानातले मांस प्रमाणित, सैन्याच्या भोजनगृहात दूध-मांसाची भांडी वेगळी. जी गोष्ट कोकणात एकेकट्या बाईला लक्षात ठेवावी लागे, ती येथे राज्याची व्यवस्था लक्षात ठेवत होती. नारळ, आमसूल, पोहे यांचा पत्ता नव्हता. पेसाहच्या सणात भात खावा की नाही, यावर युरोपी शेजाऱ्यांशी मतभेद निघू लागले. त्यांना तांदूळ वर्ज्य, यांचा जन्म भातावर गेलेला. कोकणात ज्याच्यामुळे ही माणसे वेगळी दिसत होती ते येथे सर्वांचेच होते, आणि कोकणात ज्याने ती चारचौघांत मिसळली होती त्याने ती येथे वेगळी दिसू लागली.

एवढ्यावर भागले नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्रायल वधूवरांच्या घराण्याची चौकशी करावी. आई, आजी, आणि शक्य तितके त्याच्याही मागे जावे. मिश्रविवाह झाले होते काय, घटस्फोट शास्त्रोक्त होते काय, ही शंका. १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असे जाहीर केले, आणि त्यानंतर सूचनांतून समाजाचे नाव वगळण्यात आले. तेली म्हणून जगलेल्या बायकांना रहाबीने विचारले होते, तुम्ही काय रांधता? नोंदणी कचेरीने विचारले, तुमच्या आजीचे लग्न कोणाशी झाले? पहिल्या प्रश्नाला प्रत्येक घरात उत्तर होते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी कोकणातल्या कोणत्या कुटुंबाकडे, मग ते कोणत्याही धर्माचे असो, कागद सापडले असते? धर्मशास्त्राच्या दृष्टीने नोंदणीचा प्रश्न अधिक काटेकोर असेलही. माणूस ओळखण्याच्या दृष्टीने रहाबीची कसोटी अधिक शहाणी होती असेच म्हणावे लागते.

भारतात आता या समाजाची संख्या पाच हजारांच्या आत आहे. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. अलिबागजवळच्या दांडा गावात मागे राहून तेथले प्रार्थनामंदिर सांभाळणाऱ्या स्त्रीची ती कथा आहे, आणि तिच्या प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती आहे. समीक्षकाला ही रचनेची युक्ती वाटू शकेल. परंतु ज्या समाजाचा दफ्तरखाना स्वयंपाकघरात होता, त्याची कथा याहून दुसरीकडे कोठे सुरू व्हावी?

इस्रायलमध्ये नव्या वर्षाच्या सणाला या घरांतून अजून चिकाचा हलवा होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळून चीक खाली बसू द्यायचा, आणि साखर व नारळाचा रस घालून तो आटेपर्यंत हात न थांबवता ढवळायचा. सणाचे जेवण मांसाचे असल्यामुळे गाईचे दूध त्यात घालायचे नाही. नारळ फोडून खवणीवर बसणे बहुतेकींनी सोडले, डब्यातला रस किंवा भुकटी चालते. वेळ मात्र तेवढाच लागतो. नवस फेडताना किंवा लग्नाआधी एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा होतो, त्यालाही भिजवलेले गोड पोहे आणि खोबरेच लागते, सोबत फळे. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत अशी श्रद्धा आहे, आणि इस्रायलहून आलेली कुटुंबे तेथे जाऊन येतात. परतताना त्यांच्या सामानात आमसुले असतात, जाडे पोहे असतात, आणि चीक गाळायला चांगला पडतो म्हणून कोणीतरी मागवलेला मलमलीचा तुकडा असतो.