हिरड्याच्या झाडापर्यंत



पौषात बाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, रतनवाडीच्या जंगलवाटेने गाडीतून नेऊन आणलं. तेव्हापासून स्थानकात भेटणारी प्रत्येक जण विचारते, "या वयात? भीती नाही वाटली?" वाटली. म्हणूनच कसं नेलं ते सविस्तर लिहिते.

सासऱ्यांचा राजूरला हिरड्याचा व्यापार होता. अकोले तालुक्यातल्या डोंगरातले महादेव कोळी, ठाकर लोक बाळहिरडा वेचून, वाळवून बाजारात आणायचे. बाई अंगणात बसून तो निवडायच्या, पोती शिवायच्या. चार मुलांची शिक्षणं त्यावर झाली. पण झाड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सुनेनं बाजारपेठ ओलांडून रानात जायचं त्या काळी कारणच नव्हतं. आता आम्ही संगमनेरला. बाई 87 वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून वीस पावलं जेमतेम. गेल्या पर्युषणात सहज बोलून गेल्या, "ज्या झाडानं घर चालवलं ते एकदा बघायला हवं होतं."

मुलगा म्हणाला, आजी, व्हिडिओ दाखवतो. नणंदबाई पुण्याहून चिडल्या, "काही झालं तर जबाबदार कोण?" फोन स्पीकरवर होता. बाईच बोलल्या, "काही तरी व्हायचंच आहे. ते याच खिडकीत बसून व्हावं असं कुठं लिहिलंय का?"

मग मी तयारीला लागले. आधी डॉक्टर. खुब्याबद्दल त्यांनी हरकत घेतली नाही, मणक्याबद्दल बजावलं. ठिसूळ हाडांना एक जोराचा दणका पुरतो, त्यानं मणका दबतो. मागच्या चाकांवरच्या बाकावर दणका सर्वांत जास्त बसतो, म्हणून बाई पुढच्या सीटवर. भाच्याची थार उंच, शिवाय मागे शिरायला अडचणीची. शेजाऱ्यांची बोलेरो मागितली. सुताराकडून दोन पायऱ्यांचं रुंद स्टूल करून घेतलं. सीटवर जाड फोम, म्हणजे खुबा गुडघ्यापेक्षा खाली जात नाही. त्यावर जुन्या रेशमी साडीचा तुकडा: आधी टेकायचं, मग अंग आणि पाय एकदमच आत वळवायचे. गाडी निघण्याआधी तो तुकडा काढायचा, नाहीतर पट्ट्याखालून माणूस घसरतं. घडीची कमोडची खुर्ची आणि आडोशाला जुनी चादर घेतली. परठवायला कोरडी, निर्जीव जागा बघायची हे तुम्हाला सांगायला नको.

चातुर्मासात जायचा प्रश्नच नव्हता. वाटेवर गवत, शेवाळ, किडामुंगी. साधू-साध्वीही कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एका जागी असतात, मग आपण चाकं घेऊन रानात कशाला? पौषात वाट कोरडी आणि उघडी असते. तरीही मळलेली वाट सोडून चाक बाहेर घालायचं नाही, हे भाच्याला निघतानाच सांगितलं. 1986 पासून ते अभयारण्य आहे. तिथला कायदाही तेच सांगतो.

नवकारसी पाळून निघालो. सोबत मावससासूबाई, 81 वर्षांच्या, गुडघ्यांनी अडलेल्या. डांबरी रस्त्यावर सलग एका सामायिकापेक्षा जास्त गाडी चालवायची नाही असं ठरवलं होतं. 48 मिनिटं झाली की थांबायचं, पाय हलवायचे, उकळून गार केलेलं पाणी प्यायचं. भंडारदऱ्याला विल्सन धरण दिसलं. ते 1926 साली पूर्ण झालं, म्हणजे बाईंपेक्षाही थोरलं. पलीकडे कळसूबाई.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापर्यंत गाडी गेली. कोरीव काम दोघींनी गाडीत बसूनच पाहिलं. तिथून पुढे एक स्थानिक गृहस्थ वाट दाखवायला सोबत आले. आता खरी दगडाधोंड्यांची वाट. भाचा पहिल्या गिअरवर. माणूस शेजारून चालत पुढे जाईल इतका वेग. मी मागून म्हणत होते, "यतनेनं, यतनेनं." मुंगी वाचावी म्हणून आपण जशी पावलं टाकतो, तशीच चाकं टाकली की म्हाताऱ्या मणक्यालाही दणका बसत नाही. दोन्हींना लागते ती एकच सावधगिरी, हे मला त्या वाटेवर कळलं.

मध्येच मावशी म्हणाल्या, "पुरे, पाठ भरून आली." आमचं ठरलेलंच होतं, दोघींपैकी एकीनं जरी "पुरे" म्हटलं तर समजूत घालायची नाही, गाडी वळवायची. भाचा वळवायला जागा बघत होता, तेवढ्यात वाटाड्यानं वाटेलगतच बोट दाखवलं. "हा काय हिरडा."

बाईंना उतरवलं नाही. काच खाली केली. त्यांनी हात बाहेर काढून खोडाला लावला. बराच वेळ वर बघत होत्या. मग म्हणाल्या, "केवढं मोठं आहे! मला वाटायचं, बोरीएवढं असेल." वाटाड्याला त्यांनी विचारलं, आता भाव काय मिळतो? त्यानं सांगितला. "आम्ही कमी द्यायचो का हो?" तो हसला, काही बोलला नाही. बाईही पुढे काही बोलल्या नाहीत. परत येताना माळ जपत होत्या. चौविहाराच्या आत घरी पोचलो.

तुमच्या घरातल्या थोरांना एकदा विचारा, कुठं जायचं राहिलंय? उत्तर तीर्थाचंच येईल असं नाही, आणि आलेलं उत्तर प्रत्येक वेळी जमेल असंही नाही. डॉक्टर नाही म्हणाले तर नाहीच. पण विचारा. आमच्या मावशींनी पाठ शेकून झाल्यावर सांगितलं, त्यांना माहेरची विहीर बघायची आहे. गाडीवाट शेतातून जाते. ज्वारी निघाली की जाऊ.