लॉक घालायचं ध्यानात राहतं, काढायचं राहत नाही

सोयाबीन निघालं, आता हरभऱ्याची घाई सुरू झाली. ह्याच घाईत गेल्या वर्षी माझं उजवं मनगट मोडलं होतं. म्हणून यंदा रान धरायच्या आधीच हे लिहून ठेवतो.

माझ्याकडं मागं चालत हाकायचा दोन चाकी ट्रॅक्टर आहे. जुनाच घेतलेला. आपल्या भागात जे पॉवर टिलर दिसतात त्यात बहुतेकांना दोन्ही मुठीखाली वळायचे क्लच असतात. ज्या बाजूचा दाबला त्या बाजूचं चाक मोकळं होतं. माझ्या मशीनला मोठ्या ट्रॅक्टरसारखं डिफरन्शियल आहे आणि ते बांधून टाकायला लॉकची दांडी आहे.

डिफरन्शियल म्हणजे काय ते बैलावरून सांगतो. धुऱ्यावर औत वळवताना आतला बैल जागेवर पाय हलवतो, बाहेरचा मोठा फेरा मारतो. चाकाचंही तसंच, बाहेरच्याला जास्त चालावं लागतं. डिफरन्शियल ती मोकळीक देतं. पण त्याची एक खोड आहे. एक चाक चिखलात घसरलं की सगळं फिरणं त्याच्याकडंच जातं आणि कोरड्यातलं चाक गप उभं राहतं. लॉक घातलं की दोन्ही चाकं एका दांड्याला बांधल्यासारखी सोबत फिरतात, कोरड्यातलं चाक ओढून काढतं. पण मग मशीन वळत नाही. सरळच जातं.

माझ्या रानाचा नाल्याकडचा तुकडा चिभड आहे. वरचं रान वाफशाला आलं तरी तिथं आठ दिवस ओल राहते. हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे, तरी त्या दिवशी शेजाऱ्याची पेरणी बघून धीर निघाला नाही. डावं चाक रुतलं. लॉक घातलं, मशीन बाहेर निघालं. मी खुशीत तसाच पुढं. धुरा आला, मूठ वळवली तर मशीन वळेना. मी अंगाचा सगळा जोर टाकला. तेवढ्यात एक चाक धुऱ्यावर चढलं, मुठीनं हिसका दिला आणि मी खाली.

हात सुटला की मशीन थांबायला पाहिजे, त्यासाठी मुठीवर वेगळी दांडी असते. ती सारखी दाबून बोटं दुखतात म्हणून मीच ती सुतळीनं बांधली होती. मशीन तसंच धुऱ्यावरून पुढं गेलं. तिकडं लिंबाखाली कारभारीण भाकर सोडत बसली होती. मी वरडलो. ती फडकं टाकून बाजूला झाली अन् मशीन लिंबाच्या बुडाला जाऊन अडलं. मनगट दीड महिना प्लॅस्टरात होतं. त्याचं काही नाही. पण ती पाठमोरी बसली असती तर, हे आजही रात्री आठवतं. सुतळी तिनंच विळ्यानं कापली. बोलली काहीच नाही.

तेव्हापासून माझं ठरलेलं असं:

लॉक घालायचं ते चाक गरगर फिरत असताना नाही. आधी क्लच तोडायचा, चाक थांबू द्यायचं, मग लॉक, मग हळू गती. फिरत्या चाकावर घातलं तर आतले दात जातात.

घसरणीतून निघालं की लगेच काढायचं. दांडी अडकली तर ठोकायची नाही. मशीन जरा मागंपुढं केलं की ताण सुटतो आणि ती आपोआप येते.

दोन्ही टायरात हवा सारखी ठेवायची. एकात कमी असली की लॉकमध्ये मशीन एका बाजूला ओढतं.

काळी ओली माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. मग लॉकनंही भागत नाही, दोन्ही चाकं सोबत घसरतात. खुरप्यानं खाचा साफ करा.

ज्यांच्याकडं साइड क्लचचा टिलर आहे त्यांनी एक ध्यानात ठेवा. उतारावर तो उलटा चालतो. डावा दाबला की डावं चाक मोकळं सुटून पळतं, उजवं इंजिन धरून ठेवतं, आणि मशीन उजवीकडं जातं. उताराला गती कमी ठेवा, क्लचला हात लावू नका.

आणि रान तयार आहे का ते चाकच सांगतं. टायरला चुन्याची खूण करा. औत उचलून १० फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजा. तेवढंच अंतर कामात जायला १२ फेऱ्या लागल्या तर सहातली एक फेरी फुकट चालली. त्याहून जास्त लागत असतील तर मशीन घरी न्या. घसरतं चाक काळ्या मातीला आतून लिंपून टाकतं, मग हरभऱ्याचं मूळ खाली जात नाही.

लॉक हे रुतलेलं काढायला आहे, वाफसा यायच्या आधी रानात शिरायला नाही. नाल्याकडचा तुकडा यंदा मी मागंच ठेवलाय. उशीर होईल, होऊ द्या.

तुमच्या कुणाच्या मुठीवर सुतळी बांधलेली असेल तर आजच कापा.