नंबर फुकट, भीती मात्र विकत



कुही तालुक्यात सामाजिक काम करताना आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. जात वैधतेचे प्रकरण, शिष्यवृत्तीचा अडकलेला अर्ज, घरकुलाचा हप्ता, गोसेखुर्दच्या प्रकल्पग्रस्ताचा दाखला. अलीकडे या यादीत एक नवाच प्रश्न येऊन बसला आहे: "दादा, अमेरिकेचा टॅक्स नंबर कसा काढतात जी?"

विचारणारी पोरे आपलीच आहेत. कुणी भीमगीतांचे यूट्यूब चॅनेल चालवतो. कुणी टी-शर्टची डिझाइन करून विदेशी संकेतस्थळांवर विकायला ठेवतो. एक भगिनी घरी बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी ग्राफिक्सचे काम करते. या सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या एजंटने सांगितले आहे की अमेरिकेचा नंबर नसेल तर डॉलर अडकतील. एकाला पंचवीस हजार रुपये मागितले. "तो म्हणून राहिला का आज भरले तरच होते, देऊ का?" असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही बसून त्या नंबरची कागदपत्रे मुळातून वाचली. जे समजले ते इथे मांडतो. पण हा लेख केवळ माहितीचा नाही. सरकारी कागदाची भीती कोण पिकवतो आणि ती आपल्यालाच जास्त भावाने का विकली जाते, हा खरा मुद्दा आहे.

आधी नंबर म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेच्या कर खात्याला आयआरएस म्हणतात. हे खाते व्यवसायांना नऊ आकडी ओळख क्रमांक देते, त्याला ईआयएन म्हणतात. आपल्याकडे कंपनीचा पॅन असतो, साधारण तसाच. नावात 'एम्प्लॉयर' म्हणजे मालक हा शब्द असला तरी नोकर ठेवलेच पाहिजेत असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा क्रमांक देण्यासाठी आयआरएस एक पैसाही घेत नाही. अर्ज एका पानाचा आहे, त्याचे नाव फॉर्म एसएस-४.

आता दुसरा प्रश्न, जो एजंट कधीच विचारत नाही. तुम्हाला हा नंबर लागतो का? गंमत अशी की हा प्रश्न खुद्द अर्जाच्या मागच्या पानावर छापलेला आहे आणि कुणाला लागतो याचा तक्ताही तिथेच दिला आहे. एजंटकडून अर्ज भरून घेणाऱ्याला ते मागचे पान सहसा दिसतच नाही.

आमच्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांना या नंबरची गरज नव्हती. जो स्वतःच्या नावाने काम करतो आणि ज्याची अमेरिकेत कंपनी नाही, त्याला त्या संकेतस्थळावर डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. 'मी अमेरिकेचा नाही, भारताचा रहिवासी आहे' असे सांगणारा तो फॉर्म. त्यात आपल्या देशाचा कर क्रमांक लिहायची जागा असते आणि तिथे आपला पॅन चालतो. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९८९ मध्ये झाला, त्याचा लाभही याच फॉर्मवर मागता येतो.

हिशेब समजून घ्या. यूट्यूबने जून २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून होणाऱ्या कमाईवर कर कापायला सुरुवात केली. भारतीय निर्मात्याने फॉर्म भरून करार दाखवला, तर अमेरिकी प्रेक्षकांमुळे मिळालेल्या रकमेवर १५ टक्के कापले जातात. करार दाखवला नाही तर ३० टक्के. काहीच माहिती दिली नाही तर जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. आपल्या भीमगीतांचे प्रेक्षक नागपूर, अमरावती, औरंगाबादचे. अमेरिकेत बसून ऐकणारे थोडे. म्हणजे फॉर्म नीट भरला तर कर जवळपास शून्य, आणि भीतीपोटी तसाच सोडला तर सगळ्या कमाईला कात्री. जी भगिनी कुहीत बसून ग्राफिक्सचे काम करते, तिची मेहनत भारतात होते. अशा सेवेचे उत्पन्न अमेरिकेच्या कायद्यात अमेरिकेतले धरलेच जात नाही. तिला हवा होता योग्य भरलेला डब्ल्यू-८ बेन, आणि एजंट विकत होता कंपनी.

मग ईआयएन कुणाला लागतो? ज्याने अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी नोंदवली आहे आणि तिच्या नावाने बँक खाते किंवा पैसे घेण्याची सोय हवी आहे, त्याला तो लागतो. आयआरएसच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत नंबर मिळतो असे व्हिडिओ आहेत, पण ती सोय ज्यांचा धंदा अमेरिकेत आहे आणि ज्यांच्याकडे तिथला व्यक्तिगत कर क्रमांक आहे त्यांच्यासाठी. ज्याचा व्यवसाय अमेरिकेबाहेर चालतो, त्याला फोन, फॅक्स आणि टपाल असे तीन मार्ग आहेत. परदेशी अर्जदारांसाठी आयआरएसची वेगळी फोन लाइन आहे. ती सोमवार ते शुक्रवार, तिथल्या पूर्वेकडील वेळेनुसार सकाळी ६ ते रात्री ११ चालू असते. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडच्या दुपारी साडेतीनपासून, हिवाळ्यात साडेचारपासून. कॉल फुकट नाही, वाट पाहावी लागते, पण माहिती बरोबर असली तर नंबर त्याच कॉलवर मिळतो. फॅक्सने साधारण चार कामाचे दिवस, टपालाने चार आठवडे किंवा जास्त. कुहीत फॅक्सचे यंत्र कुठे शोधणार? तशी गरज नाही, इंटरनेटवरून फॅक्स पाठवता येतो. नंबर मिळाल्याचे पत्र येते, त्यावर सीपी ५७५ असे लिहिलेले असते. ते जपून ठेवायचे.

अर्जातल्या दोन जागा नीट समजून घ्याव्यात, कारण फसवणूक तिथेच होते.

पहिली जागा ओळ ७ ची. इथे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहायचे आणि शेजारी तिचा अमेरिकी क्रमांक. तो नसेल आणि मिळण्यास आपण पात्रही नसू, तर 'फॉरेन' असे लिहायचे. एवढे एक शब्दाचे गुपित सांगायचे हजारो रुपये घेतले जातात. जबाबदार व्यक्ती म्हणजे कंपनीवर आणि तिच्या पैशांवर ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे तो खराखुरा माणूस. नामधारी माणूस इथे चालत नाही, असे आयआरएसने स्पष्ट केले आहे.

मित्रांनो, नामधारी हा शब्द आपल्याला नवीन आहे का? राखीव जागेवरचा सरपंच आपला आणि कारभार पाटलाच्या ओसरीवर, हे आपण पाहिले आहे. अनुसूचित जातीच्या नावावर योजना आणि गल्ल्यावर दुसराच, हेही पाहिले आहे. एजंट जेव्हा तुमच्या कंपनीच्या कागदावर जबाबदार म्हणून स्वतःचे नाव घालतो, किंवा तुमच्या पॅनवर दुसऱ्याची कंपनी उभी करायला सांगून महिन्याला दोन-पाच हजार देऊ करतो, तेव्हा तोच जुना खेळ डॉलरमध्ये सुरू झालेला असतो. मालकी एकाची, सही दुसऱ्याची, आणि नोटीस येते सही करणाऱ्याच्या घरी.

दुसरी जागा अर्जाच्या तळाशी आहे. तिथे आपल्या वतीने तिसऱ्या व्यक्तीला नंबर घेण्याचा अधिकार देता येतो. मदत घेण्यात गैर काही नाही. पण त्या चौकटीत कुणाचे नाव आहे हे सही करण्याआधी वाचा.

आता एजंट गाळतो तो भाग. नंबर फुकट असला तरी कंपनी फुकट नसते. डेलावेअर राज्यात एलएलसीला दरवर्षी ३०० डॉलर कर आहे, कमाई होवो न होवो. एकाच परदेशी मालकाची एलएलसी असेल आणि मालक व कंपनी यांच्यात पैशांचा व्यवहार झाला असेल, अगदी सुरुवातीचे भांडवल टाकले असेल तरी, दरवर्षी फॉर्म ५४७२ भरावा लागतो. कर शून्य असला तरीही. तो चुकला तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो. कुहीतल्या पोराने हौसेने काढलेल्या कंपनीचा दंड त्याच्या बापाच्या शेतापेक्षा मोठा होऊ शकतो, हे त्याला कोण सांगणार?

इकडचे नियमही आहेत. भारतात राहणाऱ्याने विदेशी कंपनीत मालकी घेतली की परकीय चलन व्यवस्थापन कायदा म्हणजे फेमा लागू होतो. विदेशी गुंतवणुकीचे नवे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले, आणि पैसा अधिकृत बँकेमार्फत, ठरलेला फॉर्म भरूनच पाठवावा लागतो. आयकर विवरणपत्रात विदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. आधी आपल्या नावाने, आपल्या पॅनवर, इथल्या बँक खात्यात पैसे घ्या. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी करा, तीही फुकट आहे. कमाई वाढली आणि कंपनीची गरज खरोखर दिसली, तर मग जाणकार सनदी लेखापालाला फी देऊन विचारा. ज्ञानाची फी द्यावी. भीतीची देऊ नये.

काही साथी म्हणतील, अत्याचाराची प्रकरणे पडून आहेत, नोकरभरती थांबली आहे, आणि तुम्ही अमेरिकेच्या कर क्रमांकावर लेख काय लिहिता? ऑनलाइन धंद्याने जात जाते का? नाही जात. बाजार जात विसरतो या भ्रमात आम्ही नाही. बाबासाहेब अमेरिकेहून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके थांबली, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. सल्ला चांगला होता, बाटली होती ती गिऱ्हाइकांची नजर. आणि समुद्र ओलांडला की जात बुडते असेही नाही. अमेरिकेतल्या सिअॅटल शहराला २०२३ मध्ये जातीय भेदभावावर बंदी घालणारा नियम करावा लागला, यातच सगळे आले.

पण याच कारणासाठी हा विषय चळवळीचा आहे. सवर्ण घरातल्या पोराला अशी अडचण आली तर घरात एखादा काका सनदी लेखापाल असतो, एखादी आत्या न्यू जर्सीत असते. त्याचे काम एका फोनवर होते. आपल्या पोराकडे तो काका नाही, म्हणून तो एजंटकडे जातो. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचे तर, ज्याच्या घरात कागद वाचणारा आहे त्याला कागद फुकट पडतो, आणि ज्याच्या घरात नाही त्याला तोच कागद विकत घ्यावा लागतो. जात अशी हिशेबातही उतरते.

हे आजचे नाही. आपल्याच तालुक्यातल्या मांढळला वाकाटक राजांचे ताम्रपट सापडले आहेत, दीड हजार वर्षांहून जुने. त्या काळचे असे ताम्रपट बहुधा ब्राह्मणांना दिलेल्या जमिनीच्या सनदा असत आणि कोणते कर माफ हेही त्यात कोरलेले असे. कर माफ झालेल्याला तो मजकूर वाचता येत होता. ज्यांच्या घामावर ती जमीन पिकत होती त्यांना अक्षराचीच बंदी होती. पुढे गोसेखुर्द आले. १९८८ मध्ये भूमिपूजन झाले, वैनगंगेचे पाणी गावांत शिरले, आणि कुणाला काय मिळाले हे पुष्कळदा कुणाकडे कोणता कागद होता यावर ठरले. तांब्याचा पत्रा गेला, मुद्रांक आला, आता ऑनलाइन फॉर्म आला. वाचणारा आणि वाचून घेणारा हा भेद मात्र टिकून आहे.

तो भेद मोडायची वाट बाबासाहेबांनी दाखवली आहे. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी विषय घेतला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाचा आणि वित्तव्यवहाराचा. पुढे प्रांतिक वित्तव्यवस्था, मग १९२३ मध्ये रुपयाचा प्रश्न. राज्य कर कुणाकडून घेते आणि खर्च कुणावर करते, हे वाचल्याशिवाय गुलामीचा हिशेब लागत नाही हे त्यांनी ओळखले होते. त्रिसूत्रीतला पहिला शब्द 'शिका' आहे, त्यात फॉर्म वाचायला शिकणेही आले.

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. गावोगावच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास कागद वाचायला द्या. एका रविवारी डब्ल्यू-८ बेन, एका रविवारी एसएस-४, एका रविवारी उद्यम, एका रविवारी आयकर विवरणपत्र. ज्याला इंग्रजी येते त्याने वाचावे, ज्याला धंदा कळतो त्याने समजवावे, आणि ज्याने एकदा भरले त्याने दुसऱ्या दोघांचे भरून दाखवावे. पंचवीस हजार मागितलेल्या त्या पोराने पैसे दिले नाहीत. त्याने आपला पॅन टाकून फॉर्म स्वतः भरला, आणि आता मांढळच्या दोघांना तोच शिकवून राहिला आहे.

जय भीम!