कुड्याची लेणी, एनिग्मा आणि ट्युरिंग

आमच्या तळा तालुक्यात कुड्याला बौद्ध लेणी आहेत. समोर राजपुरीची खाडी आणि भिंतींवर ब्राह्मीतले लेख. येणारे लोक फोटो काढतात, लेखांकडे बघून "पाली-बिली असेल काहीतरी" म्हणतात आणि चहाच्या शोधात निघून जातात. खरं तर हे लेख म्हणजे सरळसरळ देणगीच्या पावत्या आहेत! कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी, एक वैद्य, एक माळी, एक लेखनिक... अमक्याच्या मुलाने हे लेणं दान दिलं, एवढंच. आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारा एक शब्द, देयधम्म. म्हणजे धर्मदान.

मजा पुढे आहे. ही लिपी वाचायची कशी, हे आपणच शेकडो वर्षं विसरून गेलो होतो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती सोडवली. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या-छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात, हे त्याच्या लक्षात आलं. देवळाच्या पायऱ्यांवर लोक काय लिहितात? अमक्याकडून देणगी! मग हा शब्द "दानं" असणार. द आणि न मिळाले आणि बाकीची अक्षरं त्यांच्या मागून आली.

आता इथून थेट इंग्लंडला उडी मारतो. बरोब्बर हीच युक्ती शंभर वर्षांनी ब्लेचली पार्कमध्ये वापरली गेली. तिथे तिला "क्रिब" म्हणत. आणि ती वापरणाऱ्यांतला सगळ्यात विलक्षण माणूस म्हणजे अ‍ॅलन ट्युरिंग. आपल्या धंद्याचा मूळपुरुषच म्हणा ना.

जर्मनांचं एनिग्मा यंत्र टाइपरायटरसारखं दिसायचं. आत फिरणाऱ्या चकत्या, पुढे तारांचा प्लगबोर्ड. पाचातल्या तीन चकत्या आणि दहा तारा धरल्या तर मांडण्या किती? १५९ वर १८ शून्यं, साधारण. आणि मांडणी रोज मध्यरात्री बदलणार. सगळ्या तपासत बसलात तर विश्व संपेल. पण यंत्रात एक खोड होती. कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात कधीच बाहेर पडायचं नाही. 'ए' दाबलं तर 'ए' सोडून काहीही.

आणि माणसांतही खोडी होत्या. रोज ठरल्या वेळी हवामानाचा निरोप, त्यात "हवामान" हा शब्द असणारच. तो अंदाजाने निरोपाखाली सरकवत न्यायचा. जिथे वरखाली तेच अक्षर आलं, ती जागा बाद. उरलेल्या जागांसाठी ट्युरिंगने "बॉम्ब" नावाचं यंत्र आखलं. (फुटणारा नव्हे. मूळ नाव पोलिश लोकांच्या यंत्राचं. रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की या तीन पोलिश गणितज्ञांनी १९३२ पासूनच एनिग्मा फोडत आणला होता आणि जुलै १९३९ मध्ये सगळं ज्ञान इंग्रज-फ्रेंचांच्या हवाली केलं. सिनेमावाले हे हमखास विसरतात.) हे यंत्र बरोबर उत्तर शोधत नसे, चुकीची उत्तरं मारत असे. एक गृहीत धरायचं, त्याच्या परिणामांमागे जायचं, विसंगती आली की ते गृहीतक आणि त्याच्याबरोबर अडकलेली हजारो गृहीतकं एका फटक्यात कचऱ्यात. गॉर्डन वेल्चमनच्या सुधारणेने ते आणखी धारदार झालं. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये बसलं. रात्री तीन वाजता प्रॉडक्शनचा बग शोधताना आपण दुसरं काय करतो सांगा?

असो. या माणसाने १९३६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अजून एकही संगणक जगात नसताना, संगणक काय करू शकेल आणि काय कधीच करू शकणार नाही, हे कागदावर सिद्ध केलं होतं. कुठलाही प्रोग्राम थांबेल की अनंतकाळ फिरत राहील हे सांगणारा सर्वसाधारण प्रोग्राम लिहिताच येत नाही. मॅनेजर "हे कधी संपेल?" विचारतो तेव्हा मला हा सिद्धांत हमखास आठवतो.

त्याचं हिंदुस्थानशी नातं होतं. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, आईचा जन्मही मद्रासकडचाच. अ‍ॅलन २३ जून १९१२ ला लंडनमध्ये जन्मला, पण आईवडील नोकरीसाठी इकडे आणि दोन्ही पोरं तिकडे एका निवृत्त कर्नलच्या घरी. ब्लॉग वाचणाऱ्या कोकणातल्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या तळ्यात निम्म्या घरांतून बाप मुंबईला गिरणीत आणि पोरं आजीजवळ, अशीच पिढी वाढली. त्या पोरांचं थोडं अबोल, थोडं आपल्याच नादात असणं मला ओळखता येतं. ट्युरिंग जूनमध्ये परागकणांचा त्रास होऊ नये म्हणून गॅस मास्क लावून सायकल चालवायचा. आमच्याकडे त्याला "जरा वेगळाच आहे हो" म्हटलं असतं आणि जेवायलाही वाढलं असतं.

इंग्लंडने त्याला काय वाढलं? १९५२ च्या जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली. तो पोलिसांकडे तक्रार घेऊन गेला. चौकशीत त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचं निघालं आणि त्याने ते लपवलंही नाही. १८८५ च्या कायद्याखाली फिर्यादीचाच आरोपी झाला. तुरुंग किंवा वर्षभर हार्मोनची इंजेक्शनं, अशी निवड. त्याने इंजेक्शनं घेतली. गुप्त कामाची परवानगी गेली. ७ जून १९५४ ला सायनाइडने गेला, वय ४१. चौकशीत आत्महत्या ठरली, आई शेवटपर्यंत अपघात म्हणत राहिली. उशाशी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं, ते कुणी तपासलंच नाही. (अ‍ॅपल कंपनीचं चिन्ह त्यावरून आलं ही गोष्ट खोटी आहे, फॉरवर्ड करू नका.) ब्लेचलीतलं काम १९७४ पर्यंत जाहीर नव्हतं. त्याने काय केलं हे शेजाऱ्यालाही माहीत नसताना तो गेला.

आता तारखा बघा. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून सोडवलं. १० सप्टेंबर २००९ ला ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ट्युरिंगची माफी मागितली, तीही जॉन ग्रॅहम-कमिंग या एका प्रोग्रामरने उभ्या केलेल्या सह्यांच्या अर्जावरून. ११ डिसेंबर २०१३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. आणि तेरा दिवसांनी, २४ डिसेंबरला, राणीने ट्युरिंगला माफी दिली! ज्या साहेबाने १८६० च्या दंड संहितेत ते कलम आपल्या गळ्यात बांधलं, तो तिकडे पश्चात्ताप करत होता आणि आपण ते प्रेमाने परत गळ्यात घालून घेत होतो.

माझा हॉस्टेलचा एक मित्र आहे. चार वर्षं एका खोलीत काढली. कोडिंग माझ्याहून चांगलं, पोहे माझ्याहून वाईट. त्याने मला २००७ मध्ये सांगितलं. घरच्यांना सांगायची हिंमत नव्हती, तिकडे मुली बघणं चालू होतं. पुण्यातल्या बिंदुमाधव खिऱ्यांच्या समपथिक ट्रस्टची त्याला फार मदत झाली. खिरेही आपल्याच जातीचे, म्हणजे सॉफ्टवेअरवाले. २०१३ च्या त्या निकालाच्या दुपारी त्याच्या कंपनीच्या जेवणाच्या टेबलावर जे विनोद झाले ते ऐकून तो डबा न खाता उठला. रात्री फोनवर म्हणाला, "अरे, सकाळी ऑफिसला गेलो तेव्हा नागरिक होतो."

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी समलिंगी संबंधांना त्या कलमातून सोडवलं. त्यांत खानविलकर आणि चंद्रचूड, दोन आपली नावं. त्या दिवशी त्याचा फक्त "हुश्श" असा मेसेज आला. त्याच्या आईने अजून जोडीदाराला घरी बोलावलेलं नाही. दिवाळीला फराळ मात्र आता दोघांपुरता पाठवते, चकल्या मोजून.

मागच्या वर्षी तो कामासाठी लंडनला गेला तेव्हा ५० पौंडाची नोट घेऊन आला. २०२१ पासून तिच्यावर ट्युरिंग आहे, शेजारी एक कागदी पट्टी आणि तिच्यावर शून्य-एकच्या पंचवीस खुणा. आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कॅलक्युलेटर लावायचा नाही असं ठरवून. दोनाचे घात मांडत बेरीज केली. २३०६१९१२ आलं, जन्मतारीख. "बग नाही," तो म्हणाला आणि नोट पाकिटात घातली.