शतपावली रीलोडेड!

डायबेटिस असलेल्या माणसाला व्यायामाचं महत्त्व समजावणं हा शुद्ध टाइमपास आहे. त्याला ते कधीच पटलेलं असतं! माझे बाबा बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे लॅब रिपोर्टमधला आकडा न् आकडा तोंडपाठ. पण पहाटे साडेपाचचा गजर झाला की गुडघा दुखतो. गुडघा बरा असला तर पाऊस असतो.

मला हसू यायचं नाही. आत्याच्या पायाची जखम चिघळून दोन बोटं काढावी लागली, तेव्हा हॉस्पिटलमध्ये रात्री मीच झोपायचे.

शेवटी डॉक्टरांनीच पहाटेचा हट्ट सोडायला सांगितला. आठवड्याची १५० मिनिटं भरायची आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करायचा नाही, बस्स. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट बघत नाहीत. मग साखर चढते तेव्हाच, म्हणजे जेवल्यावर, का चालू नये? २०१६ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी टाइप टूच्या पेशंट्सवर हेच करून बघितलं. दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के!

म्हणजे आजीची शतपावलीच की. फक्त शंभर पावलांत भागत नाही.

आता आम्ही दोघं रोज रात्री सोसायटीला फेऱ्या मारतो. सोबत असली की गुडघाही दुखत नाही, हे एक आश्चर्यच. पायात चपला नाहीत, बूट. बाबांच्या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी. (इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ती विसरूच नये.) पण खरी कमाल केली ती ग्लुकोमीटरने. न चालता आणि चालून, जेवणानंतर दोन तासांनी येणारे आकडे बाबांनी जुन्या डायरीत शेजारी शेजारी मांडले. फरक दिसला आणि त्यांच्यातला कॅशियर जागा झाला. आता रोजची मिनिटं 'जमा'च्या रकान्यात पडतात आणि शनिवारी बेरीज होते.

परवा आणि काल मी एका स्टोरीच्या डेडलाइनमध्ये अडकले होते. आज संध्याकाळी बरोब्बर सात वाजता फोन. ''दोन दिवस झाले हां. आज लवकर ये, तिसरा खाडा चालत नाही.''