उतारा

उतारा हा शब्द मी पहिल्यांदा मलकापुरात आजीच्या तोंडून ऐकला. नजर लागली की ती दहीभात अन् लिंबू ओवाळून तिकटीवर ठेवायची, तो उतारा. विंचू चावला की आघाड्याचा पाला चोळायचे, तोही उतारा. अन् रात्रीची दारू सकाळी डोक्यात ठणकायला लागली की माझे चुलते, तात्या, गुत्त्याकडं निघायचे, तेही ‘उतारा घ्यायला’च!

“आरं, काट्यानं काटा काढायचा आस्तोय,” ते म्हणायचे.

म्हण जुनी. संस्कृतातही विषाला विषच औषध म्हटलंय. पण पायातला काटा निघाला की माणूस हातातलाही टाकून देतो. तात्यांना तो टाकता आला नाही. सकाळच्या घोटानं ठणका जात नाही, नुसता पुढं ढकलला जातो. मग दुपारी पुन्हा उतारा. आजी ताकाचा तांब्या घेऊन दारात उभी असायची. ते बघायचेही नाहीत.

तात्या गेल्यावर मी सातबाऱ्याचा उतारा काढला. ओढ्याकाठच्या रानावर दुसऱ्याचंच नाव होतं.

“काय लिवलंय रं?” आजीनं विचारलं.

तलाठी भेटला नाही, म्हणून सांगितलं.